सरसाची डबी

आमचे आप्पा जन्मभर निपाणीत तंबाखू विकत आले, तपकीर ओढत आले, आणि पाणी मात्र गाळल्याशिवाय कधी प्यायले नाहीत. माझ्या हातच्या कुठल्याही कामाला त्यांनी ‘चांगलं’ म्हटलेलं नव्हतं. पन्नाशीत मला लाकडी डब्या करायचा नाद लागला, तेव्हा ठरवलं, तो शब्द त्यांच्या तोंडून एकदा तरी काढायचाच. त्यांच्या जपमाळेसाठी मुठीएवढी डबी करायला घेतली.

वर चिकटवायला अक्रोडाच्या गाठीचा विनियर आणला. कागदासारखा पातळ पापुद्रा, नक्षी बघत राहावी अशी, पण तळलेल्या पापडासारखा वेडावाकडा. पाणी शिंपडून, वर्तमानपत्रात घालून दोन फळ्यांमध्ये दाबला आणि वर पाटा ठेवला. अनगोळच्या आमच्या घरात चार दिवस चटणी मिक्सरमधली झाली, त्यावरून बोलणीही खाल्ली. मग गरम सरसानं पापुद्रा चिकटवला, राहिलेले फुगे इस्त्री फिरवून बसवले. शेवटी लाखेच्या पॉलिशचे पंधरा हात. दिवसातून दहादा मीच जाऊन बघत होतो.

निपाणीला गेलो. आप्पांनी डबी उलटीसुलटी केली, वास घेतला. लग्नाच्या पंगतीतही ते आधी आचाऱ्याची उलटतपासणी घेतात, मग पानावर बसतात.

“कशानं चिकटवलीस रं?”

“सरसानं.”

“म्हंजे कातडं. आणि ही चमक?”

“लाखेची.”

“म्हंजे किडं. ती कशात विरघळवलीस?”

“स्पिरिटमध्ये.”

“व्हय. दारूच तेवढी राहिलीती.”

सरस जनावराच्या कातड्याचा असतो हे मला, जैनाच्या पोराला, ठाऊक नव्हतं असं नाही. नादात डोक्यात आलंच नाही. लाज वाटली, आणि त्यांचा रागही आला. डबी तिथंच टाकून परतलो.

महिन्याभरात दुसरी केली. दुकानातला पांढरा गोंद, वर जवसाचं तेल. गाठीच्या बारीक छिद्रांतून गोंद वर आला, तिथं तेल मुरेना, झाकणावर फिके डाग पडले. आप्पांनी तिच्यात माळ ठेवली. तो शब्द नाहीच.

“मग पहिली द्या, घेऊन जातो,” मी म्हणालो.

त्यांचा हात बंडीच्या खिशावर गेला. डबी तिथंच होती, आत तपकीर.

“माळंला चालत न्हाय,” ते म्हणाले. “तपकिरीला चालती.” मग डागाळलेल्या झाकणाकडं बघत, “हिच्यापरास ती लई चांगली झालीया.”

पन्नास वर्षांनी आलेला शब्द कातडं, किडं आणि दारूच्या वाट्याला गेला. मी तेवढ्यावर खूश होऊन बसस्टँडकडं निघालो.