जाड पाइप कुणाच्या काठावर?

पडद्यावर तिसरं चित्र आलं आणि नदीकाठच्या एका गावचे रमणभाई उठून जोरात बोलायला लागले, "हो, उपसतो आम्ही जास्त पाणी! आमच्या विहिरी खाऱ्या. करायचं काय?"

मी चक्रावलो. जास्त पाणी तर त्यांच्या समोरच्या काठावरचं गाव उपसत होतं. मोजमाप मीच केलं होतं.

नदीत पाणी किती आणि कोण किती घेतं, हे मोजणं माझं काम. एकाच नदीच्या दोन काठांवरची ही दोन गावं उन्हाळा आला की हातघाईवर यायची. नुसते आकडे दाखवले की लोक जांभया देतात. म्हणून बडोद्यात गोरव्याच्या आमच्या ऑफिसने फतेगंजच्या चित्रकार निरालीबेनना कामाला घेतलं. जो जास्त पाणी उपसतो, त्याचा निळा पाइप जाड. इतकं सोपं. त्या दिवशी दोन्ही गावांना ऑफिसच्या हॉलमध्ये बोलावलं होतं. करार झाला नाही, तर नदी आटणार आणि दोन्हीकडची उभी भाजी जळणार.

मग चित्रात रमणभाईंच्या गावच्या देवळाशेजारी जाड पाइप आला कसा? मी अंधारातच निरालीबेनकडे सरकलो.

"तुम्हीच लिहिलंत ने, डाव्या काठावर जास्त? मी डावीकडेच काढला!"

"अहो, पण देऊळ उजव्या काठावर आहे."

"मी बंधाऱ्यावर बसून स्केच केलं. देऊळ माझ्या डाव्या हाताला होतं!"

तेव्हा कुठे उलगडा झाला. आमच्या धंद्यात पाणी जिकडे वाहत जातं, तिकडे तोंड करून डावा-उजवा काठ ठरवतात. निरालीबेन बसल्या होत्या पाणी येतं तिकडे तोंड करून. आणि ऑफिसचं चित्र म्हणून रमणभाईंनीही ते खरं मानलं होतं. आता चूक कुणाची म्हणायची?

तोवर समोरच्या गावचे शंकरभाई तावातावाने म्हणाले, "ज्यांचा पाइप जाड, त्यांनी एक दिवसाआड मोटर बंद ठेवायची!" रमणभाई कुरकुरत का होईना, तयार होत होते.

साहेब माझ्या कानाशी लागले. "बोलू नकोस. करार होतोय."

"साहेब, भलत्याच गावाच्या गळ्यात पडतोय."

"करार तो थाय छे ने!"

माझी पंचाईत झाली. इतक्या बैठकांनंतर पहिल्यांदा काही ठरत होतं. पण माझ्या आकड्यांच्या नावावर रमणभाईंची भाजी जळणार, हे मला सहन होईना. मी लाइट लावला आणि सगळं सांगून टाकलं.

रमणभाई वळले. "शंकरभाई, नियम तर तुम्हीच काढलात."

शंकरभाई मटकन खाली बसले. "मला वाटलं, तो तुमच्यासाठी आहे."

सगळ्यांदेखत दिलेला शब्द त्यांना फिरवता येईना. घासाघीस झाली आणि तीन दिवसांतून एक दिवस त्यांच्या गावच्या मोटरी बंद ठेवायचं ठरलं. त्या उन्हाळ्यात दोन्हीकडची भाजी वाचली.

तेव्हापासून आमच्या प्रत्येक चित्रावर पाणी कुठे वाहतं, ते दाखवणारा बाण असतो. कुठलाही करार मात्र पुन्हा असा चित्र बघता बघता झालेला नाही.