डुलावरून डोळ्यांपर्यंत

आमच्या मोरारिया वस्तीत बेलार्मिनोला सगळे ओळखतात, आणि तोही सगळ्यांना ओळखतो, पण समोरून, दोन्ही कान दिसतील असं बसवून. ओळखपत्राचे फोटो काढायचं त्याचं दुकान माझ्या खानावळीच्या समोरच आहे. आठवडाभर तो पांढऱ्याफटक दिव्यांखाली लोकांना "हनुवटी खाली, हसू नका" म्हणत बसतो. अशा माणसात काय विशेष असणार? पण रविवारी दुपारी तो माझ्याकडे येऊन जे करतो, ते बघून खरं सांगते, अजून माझ्या अंगावर काटा येतो.

रविवारी माझ्याकडे फादोचं, म्हणजे आमच्याकडच्या विरहगीतांचं, गाणं असतं. जेवणं आटोपत आली की मी खिडक्या लावून घेते, दिवे मालवते आणि दोघा गिटारवाल्यांपुढे एक मेणबत्ती ठेवते. मग कुणी काटाचमचा वाजवायचा नाही, खोकायचं नाही, मीसुद्धा वाइन ओतायची नाही. एका पाहुण्याने एकदा फ्लॅश उडवला होता, त्याला मी सार्डिन माशांच्या ताटासकट बाहेर काढला. गाणारी बाई गिटारवाल्यांच्या मागे उभी राहते, मान वर करते, डोळे मिटते आणि गाते.

त्या काळोखात बेलार्मिनो कोपऱ्यातल्या पिंपावर बसून फोटो काढतो. त्याचा कॅमेरा जुना, रोल घालायचा. फोकस भिंगाभोवतीचं कडं हाताने फिरवून करायचा. मी एकदा त्यातून डोकावले, तर आत नुसता काळोख.

"ह्यात तुला माणूस दिसतो तरी कसा रे?"

"माणूस नाहीच दिसत, अदोसिंदा. कुठेतरी काहीतरी चमकतं, तेवढं धरायचं."

चमकायचे ते बायकांचे डूल. माझ्याकडे गाणाऱ्या बहुतेक मासळीवाल्या, आणि आमच्या मासळीवाल्या असेल नसेल ते सोनं कानात घालून फिरतात. मेणबत्तीच्या उजेडात डुलावर एक ठिणगी उठते. कॅमेऱ्यात आधी ती फुगलेली दिसते. बेलार्मिनो कडं केसभर फिरवतो, पुन्हा केसभर, आणि ती बारीक होत होत सुईच्या टोकाएवढी झाली की थांबतो. पण फोटोत कान नको असतो, डोळे हवे असतात, आणि डोळे कानाच्या चार बोटं पुढे. मग कड्याला हात न लावता तो कमरेतून चार बोटं मागे झुकतो, श्वास रोखतो आणि वाट बघतो. गाण्यात क्लिकचा आवाज मी खपवून घेत नाही. शेवटी गिटारी दोन ठणके देतात, त्यांच्याखाली तो बटण दाबतो. म्हणजे एका गाण्याला एकच फोटो. देवळात कधी बसले नसेन तेवढी गप्प मी त्याला बघताना बसते.

गाणाऱ्या मासळीवाल्यांत एकटी फेलिज्मिना त्याला फोटो काढू देत नसे. "गाणं ऐक की मेल्या! तोंड काय बघायचंय? कॅमेरा उचललास तर त्यात बांगडा कोंबीन," असं तिने भर खानावळीत सुनावलं होतं. तिच्यासारखं आमच्या भागात कुणी गात नव्हतं. ती उभी राहिली की बेलार्मिनो कॅमेरा मांडीवर ठेवायचा आणि डोळे मिटून ऐकायचा.

मग तिच्या घशात गाठ निघाली. गळा कापावा लागणार, जीव वाचेल पण आवाज जाईल, असं डॉक्टरांनी सांगितलं. तिची मुलगी ग्रासिएत बेलार्मिनोकडे आली.

"सेन्योर बेलार्मिनो, आई उद्या शेवटची गाणार. एकच गाणं. मी भांडून तिला फोटोसाठी राजी केलंय. मला तिचा गातानाचा चेहरा हवाय. नंतर तो मला कुठे दिसणार?"

"तिचे डूल मला आंधळ्यालाही सापडतील," तो म्हणाला.

रविवारी खानावळ गच्च भरली होती. मी दिवे मालवले. फेलिज्मिना काळी शाल गुंडाळून उभी राहिली, आणि बेलार्मिनोचं कडं पुढे-मागे फिरू लागलं. थांबेचना. मी शेजारीच होते, वाकून बघितलं. तिच्या कानात काहीच नव्हतं. डूल चमकत होते ते पहिल्या बाकावर, ग्रासिएतच्या कानात. इस्पितळात जायचं म्हणून आईने सकाळीच लेकीला घातले होते.

"मेणबत्ती पुढे सरकवू का?" मी त्याच्या कानाशी पुटपुटले.

"नको. उजेड हलला तर ती डोळे उघडेल."

ती गात होती. बाहेर गेलेल्या आणि परत न आलेल्या होडीचं ते गाणं आम्हाला पाठ होतं, पण त्या दिवशी ते मी पहिल्यांदा ऐकलं. शेवटच्या ओळीला तिचा उजवा हात शालीतून निघून गळ्यापुढे आला, आणि मिटलेल्या पापणीच्या काठावर एक थेंब चमकला. बेलार्मिनोची बोटं थांबली. त्याने श्वास घेतला, मागे झुकला. दोन ठणके पडले. लोक रडत टाळ्या वाजवत होते आणि हा पांढराफटक पडला होता.

"काय झालं?"

"थेंब डोळ्यातच होता गं. झुकायचं नव्हतं. मी सवयीने झुकलो."

फोटो धुऊन झाला तरी त्याने महिनाभर दाखवला नाही. ग्रासिएतला म्हणाला, रोल खराब झाला. शेवटी फेलिज्मिना गळ्याला रुमाल बांधून माझ्याकडे परत आली, त्या रविवारी मी त्याला झापलं. "तुझ्या लाजेपायी त्या पोरीने काय आयुष्यभर वाट बघायची?" तो गेला आणि फोटो आणून मायलेकींपुढे बाकावर ठेवला.

चेहरा विरघळल्यासारखा झाला होता. पण चार बोटं पुढे जे होतं, ते सगळं लख्ख आलं होतं: तिचा हात. सुरीचे जुने वण, खवल्यांनी झिजलेली नखं, हवेत काहीतरी धरून ठेवल्यासारखी वळलेली बोटं. ग्रासिएतने ओठ चावला. बेलार्मिनो खाली मान घालून म्हणाला, "मला माफ कर, पोरी."

फेलिज्मिनाने फोटो बराच वेळ बघितला. मग उठली आणि स्वतः खिडक्या लावल्या. गिटारवाल्यांच्या मागे जाऊन तिने एकाच्या खांद्यावर थोपटलं. त्यांनी एकमेकांकडे बघितलं आणि होडीचं गाणं धरलं.

तिने मान वर केली, डोळे मिटले. आवाज नव्हताच. नुसता तो हात गळ्यापुढे उघडत होता, मिटत होता, आणि शपथ घेऊन सांगते, कुठली ओळ चालली आहे ते खानावळीतल्या प्रत्येकाला कळत होतं. ग्रासिएतचे ओठ हलत होते. कुणी खोकलं नाही.

दोन ठणके पडले. क्लिक मात्र आला नाही. मी पिंपाकडे वळून बघितलं, तर कॅमेरा त्याच्या मांडीवर होता.

"अरे, आज काढायचास ना!"

बेलार्मिनोने डोळे उघडले.

"ऐकत होतो," तो म्हणाला.