आहेराचं लोखंड

सकाळी फोन आला तेव्हा आदिलाबादला आमच्या दारात माझ्या मुलीच्या साखरपुड्याचे पाहुणे चहा पीत होते. बहीण आदल्या दिवशीच आली होती, आत भाचीला साडी नेसवत होती. मागून त्यांच्या गावाहून, बेल्याहून, एकटेच निघालेल्या प्रल्हाद भाऊजींची जीप वाटेत उभ्या ट्रकवर आदळली होती. भाऊजी जागीच गेले. गाडीत सहा एअरबॅग होत्या... एकही उघडली नाही.

दोन महिने झाले. भेटेल तो म्हणतो, त्यांची वेळच आली होती. मला आता हे ऐकवत नाही. वेळबिळ काही नव्हती. ते लोखंड मी दिलं होतं.

भाऊजी कापूस-सोयाबीनचे शेतकरी, पण स्वभाव तहसीलच्या कारकुनाचा. कुठलाही कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्याशिवाय सही करायचे नाहीत. सीटचा पट्टा लावल्याशिवाय गाडी अंगणातूनही हलवायचे नाहीत, आणि आम्ही त्यावरून त्यांची टिंगल करायचो. जीप घेतली तेव्हा पूजेला साळ्यानं आहेर करायचा म्हणून मी भलामोठा बुलगार्ड, गाडीच्या तोंडावर बसवायचा लोखंडी कठडा, घेऊन गेलो. भीमपूरकडच्या रस्त्याला रानडुकरं आडवी येतात, शिवाय गाडीला रुबाब येतो. भाऊजींनी गाडीचं पुस्तक उघडून माझ्यापुढे धरलं.

"साळेबुवा, समोर लोखंड लावू नोका, असं लिवलं हाये याच्यात. धडकेचा अंदाज चुकते, मंग ते फुगे येळेवर उघडत नाई. कायद्यानंबी बंदी हाये."

"आमचा आहेर जड झाला का भाऊजी?" मी चारचौघांत म्हणालो. त्यांनी पुस्तक मिटलं. फिटरनं नट आवळले, मी नारळ फोडला. बंदी मलाही ठाऊक होती, मी कॉलेजात शिकवतो. पण सोयऱ्यांसमोर माझी वस्तू परत जाणार, एवढंच मला दिसत होतं.

पुढे गुडीहत्नूरजवळ हायवेवर पोलिसांनी त्यांना गार्डपायी दंड केला. ते कळल्यावर मी बहिणीला फोनवर म्हणालो, "काढून टाका बाबा, आमचं काय ठेवता!" त्यानंतर दिवाळीला, पोळ्याला भाऊजी आले की मी आधी गाडीचं तोंड बघायचो. गार्ड जागच्या जागी असायचा. मला बरं वाटायचं. हे लिहिताना माझीच मला किळस येते.

तेरावं झाल्यावर मी बेल्याला त्या फिटरकडे गेलो. कुणावर तरी ओरडायचंच होतं. "बंदी असताना तू बसवलाच काऊन?" त्यानं हातातला पाना खाली ठेवला.

"सर, तो त तुमच्या भाऊजीनं कवाचाच काढला होता. तुमच्याकडं यायचं असलं का सकाळी सकाळी येत, बसवून घेत. वापस आले का काढून इथंच ठेवत. मी मनलो, काऊन एवढा खटाटोप? त मनत, साळ्याचं मन दुखते ना बाबा..."

त्या सकाळीही ते माझ्याकडेच यायला निघाले होते.

दुकानाच्या कोपऱ्यात, पत्र्याच्या पेटीवर एक गोधडी होती. गार्डला चरे पडू नयेत म्हणून भाऊजी तो तिच्यात गुंडाळून ठेवत, फिटर सांगत होता. त्या सकाळी, संध्याकाळी परत लागेल म्हणून, चारी कोपरे जुळवून त्यांनीच तिची घडी घातली होती. टाके मी लगेच ओळखले. गोधडी माझ्या बहिणीच्या हातची होती, थेट गार्डच्या मापाची शिवलेली, म्हणजे तिला सगळं ठाऊक होतं. तरी दोन महिन्यांत ती मला त्यावरून एका शब्दानं बोललेली नाही. मी गेलो की आधी पाणी आणून देते, आणि विचारते, "भाऊ, जेवला का तू?"