क्लचवरचा बाभळीचा ठोकळा

सलीमचा फोन आला तेव्हा मी ट्रॅक्टरवर होते. नांगरलेल्या रानात कुळवाची पाळी घालणं चालू होतं. "भाभी, अब्बा गेले," एवढंच तो म्हणाला. मी इंजिन बंद केलं, परत चालू केलं, आणि उरलेल्या दोन फेऱ्या पुऱ्या करूनच लोह्याला निघाले. रान अर्धवट टाकून आले असते तर रशीदचाचा उठून मला बोलले असते... असा माणूस. या गोष्टीला आता सहा आठवडे झाले.

चाचा, म्हणजे सलीमचे अब्बा, लोहा गावचे ट्रॅक्टर-मिस्त्री आणि माझ्या सासऱ्यांचे जुने दोस्त. आमचा लाल ट्रॅक्टर सासऱ्यांनी माझ्या लग्नाच्याही आधी घेतलेला. नवरा अहमदपूरला शाळेवर, धाकटे दीर विलासभावजी खताच्या दुकानात. सासऱ्यांचे गुडघे गेले आणि ट्रॅक्टरवर बसायला घरात मीच उरले. उंची बेताची, क्लचपर्यंत पाय पोचेना. चाचांनी बाभळीचा एक ठोकळा तासला, पेडलवर बोल्टानं आवळून बसवला आणि म्हणाले, "आता पळवा, सूनबाई." दोन वर्षं मी ट्रॅक्टर पळवला. गावानं आधी हसून घेतलं, मग आपापली रानं नांगरायला मलाच बोलावलं.

तिसऱ्या वर्षी पेरणी आठ दिवसांवर आलेली असताना ट्रॅक्टर ओढेनासा झाला. नांगर जमिनीत गेला की इंजिन नुसतं बोंबलायचं, चाकं मात्र जागच्या जागी. वर जळका वास. क्लच सरकतोय हे मलाही कळत होतं, पण का, ते कळत नव्हतं. भावजींना लगेच कळलं. "बाईमाणसाच्या हातात दिल्यावर दुसरं काय व्हनार? अर्धापूरचं गिऱ्हाईक हाय माझ्याकडं, देऊन टाकू." सासरे शांत होते. म्हणाले, "रशीदला येऊ दे. मशीनचा दोष निघाला तर ठेवू. चालवणाऱ्याचा निघाला तर विकू." म्हणजे ट्रॅक्टर राहणार की जाणार, आणि त्याच्याबरोबर मी रानात राहणार की चुलीपुढं जाणार, हे चाचांच्या एका शब्दावर आलं.

चाचा एसटीनं आले. चहा पुढं केला तर म्हणाले, "आधी रोगी दाखवा." पाना उचलायच्या आधी तासभर नुसतं बघायचं, ही त्यांची पद्धत. उकिडवे बसून त्यांनी पेडल हातानं दाबलं. सुरुवातीची दोन बोटं चाल मोकळी पाहिजे, ती होती. मग खाली झोपून क्लचच्या डब्याखालच्या भोकात बोट घातलं. तेल गळून प्लेटवर गेलं असेल तर तिथं ओल लागते, पण बोट कोरडं आलं. मग ब्रेक आवळून, वरचा गिअर टाकून त्यांनी मला क्लच सोडायला लावला. क्लच धड असता तर इंजिन तिथंच बंद पडायला हवं होतं. ते आपलं मजेत चालू. "प्लेट गेली," चाचा म्हणाले. "पन का गेली? बसा, सूनबाई. शिवेपर्यंत जाऊन येऊ." ते मडगार्डवर बसले. मला वाटलं, इंजिनाचा आवाज ऐकतायत. ते बघत होते माझी चप्पल.

परत आलो तर अंगणात सगळे उभे. चाचा खाली उतरले, हात पुसले आणि सांगून टाकलं, "पेडलवर पाय ठेवून चालवलंय. सारखा. प्लेट अर्धवट सुटलेलीच राहती, घासून घासून जळती."

"म्हनलो न्हवतो का मी!" भावजींचा चेहरा फुलला. आणि चाचा म्हणाले ते खरं होतं.

"थांबा की मालक, लई घाई हाय तुम्हाला," चाचा म्हणाले. "या, बसा वर. ठेवा पाय ठोकळ्यावर. आता उचला अन् बाजूला ठेवा."

भावजी सहा फुटांचे. पाय उचलला की गुडघा स्टेअरिंगला, बाजूला घेतला की ठोकळ्याला अडकलेला. "कुठं ठेवू?"

"तेच इचारतो मी! हिनं तरी कुठं ठेवायचा? हिचा तर खाली पत्र्यालाबी टेकत न्हाई. हा ठोकळा कुनी बसवला? मी. तवा पाय पोचंल एवढंच बघितलं, टेकंल कुठं ते बघितलंच न्हाई. चूक मिस्त्रीची हाय. विकायचंच असंल तर मला विका, ट्रॅक्टर ठेवा."

सासरे इतके हसले की त्यांना ठसका लागला. गिऱ्हाईकाला नकाराचा निरोप गेला. दोन दिवस आमच्या लिंबाखाली ट्रॅक्टर मधोमध सोडवून दोन तुकड्यांत उभा होता. चाचांनी जुनी प्लेट माझ्या हातात दिली. घासून इतकी पातळ झालेली की रिवेट चकाकत होते. "हे तुमच्या पायाचं वजन," म्हणाले. नवी प्लेट बसली, ठोकळा निघाला, आणि सीटखाली नवी भोकं पाडून त्यांनी सीट चार बोटं पुढं घेतलं. भावजी म्हणाले, "मग मी कसा बसू?" चाचा बोल्ट आवळत होते, मान वर न करता म्हणाले, "जी रोज बसती तिच्या मापाचं सीट."

त्यानंतर लोह्यात चाचांच्या दुकानावरून माझा ट्रॅक्टर गेला की आतून आरोळी यायची, "पाय!" भर बाजारात. लोक वळून बघायचे. चाचा शेवटचे भेटले तेव्हा दुकानाच्या दारात खुर्चीवर बसलेले, अंगात ताकद नाही, आवाज फुटत नव्हता. मला बघितलं आणि चादरीखालून डावा पाय इतकासा उचलून दाखवला... मीही माझा उचलला. सलीमला वाटलं, दोघंही खुळे.

ठोकळा अजून आहे. उतारावर ट्रॅक्टर उभा केला की मागच्या चाकाखाली घालते, बाभूळ काही झिजत नाही. परवा माझा हात मुरगळला म्हणून विलासभावजी पाळी घालायला बसले. गुडघे छातीशी आणि चेहरा रडका.

"वैनी, आजच्यापुरतं सीट मागं घेऊ का?"

"नका," मी बांधावरून ओरडले. "आणि भावजी... पाय!"

त्यांनी झटकन उचलला.