मामाचे लाल हात आन् ताईची पिवळी

सत्तर-एकाहत्तर सालची गोष्ट. पारनेरात आमच्या दारात मांडव पडला हुता, सकाळी ताईचं लग्न... आन् आदल्या दुपारी मला मामाची मस्करी करायची हुक्की आली.

आमच्यात नवरीची पिवळी मामानं द्यायची. ह्या मामानं तर पांढरं लुगडं सोताच्या हातानं हळदीत रंगवून दोरीवर टाकलं. हात कोपरापत्तोर पिवळेधम्मक!

आता गल्लीतल्या रंगारी खालानं मला मागं दाखवलं हुतं, हळदीला चुना लागला की लालभडक हुती. भिंतींला द्यायला चुना भिजत घातलेलाच हुता, वरची निवळी पान्यावानी नितळ... मी तांब्या भरला. "मामा, या, हातावर पानी घालतो."

मामानं हात चोळले आन् वरडलाच, "आगं आक्का, रगात!" हात असा झटकला की तांब्या उडाला... समदी निवळी पिवळीवर.

मधोमध हे एवढे लाल डाग. दुसरी आनायची तर नगरची येस्टी कवाच गेलेली. आई पान्यानं डाग चोळाय लागली, पर हटंना. ताई नुसती डागाकडं बघत ऱ्हायली... त्येच मला सोसंना. पळत जाऊन खालाला हाताला धरून आनली.

खालानं डागाला बोट लावलं, मंग माझ्याकडं बघितलं. पर ती आईला एवढंच म्हनली, "आक्का, चिच हाय का घरात?"

चिचंचं पानी गाळून तिनं पिवळी त्यात बुडवली. वर काढली तर डाग गायब... जिथं लाल तिथं परत हळद! मग मामाचे हातबी त्याच पान्यात.

"पर झालं कशानं ह्ये?" मामानं डोळे वटारले.

"लगीनघर हाय भाऊ, चुन्याचं शितोडं उडायचंच," खाला म्हनली. आन् जाताना माझा कान पिळून हळूच, "पळस फुलला की फुलं येचायला यायचं. रोज."

गेलो... रोज. पळसफुलांचा केशरी, डाळिंबाच्या सालीचा पिवळा, बाभळीच्या सालीत गंजके खिळे टाकले की काळा. शाळंत टिकलो न्हाई, खालाच्या चुलीपाशी टिकलो. लई मोठी बाई!

परवा ताईनं पेटीतनं ती पिवळी काढून दाखवली. फिकी पडलीय, पर डाग एक न्हाई. खाला जाऊन लई वर्सं झाली, तिनं शेवटपत्तोर कुनाला सांगितलं न्हाई. म्हनून आज मीच सांगतो... ताई, निवळी माझी हुती. पिवळी खालानं वाचवली.