रोज जेवाले येनारा बाप

माह्या अंगात एक खोड हाय. कोनाचं बोलनं दोनदा आयकलं का त्याचा आवाज माह्या घशात येऊन बसते. बोरी अरबच्या शाळेत मी हेडमास्तरच्या आवाजात "बसा खाली" म्हटलं का सारा वर्ग खाली बसे. एकदा तं नवे मास्तरबी बसले.

मी मॅट्रिकले होती त्या साली पोळ्याले माही मोठी बहीन तिची चार वर्षांची पोरगी घेऊन माहेरी आली, ते परत गेलीच नाई. माहा भाटवा, म्हन्जे तिचा नवरा, मिरचीची पोती घेऊन बाजार करत हिंडे. मानूस वाईट नाई. पन तो तापट आन् बहीन हट्टी. दोघायचं भांडन झालं आन् आधी बोलाले कोनी तयार नाई.

पोरीनं जेवन सोडलं. माह्या मायनं काऊचा घास, चिऊचा घास सारं करून पाह्यलं. पोट्टी तोंड उघडाले तयार नाई. कारन तिच्या बापाची रीत येगळी होती. तो एकेक बाजाराच्या गावाचं नाव घेऊन तिले घास भरवे. मंग मी दाराच्या मांगं बसली आन् भाटव्याचा घोगरा आवाज काढला, "हूं. हा घास दारव्ह्याचा. घे लवकर, गाडी निंघून राह्यली."

पोट्टीनं आ केला. तवापासून हे माहं रोजचं काम होऊन बसलं. बहिनीनं पयले डोये वटारले. मंग एक दिवस ताट वाढता वाढता खाली पाहूनच म्हने, "त्यायचा आवाज याहून भारी हाय."

तेवढ्यात भाटव्यानं यवतमाळच्या कोर्टात अर्ज केला. पोरगी मले द्या, मायकडचे लोक तिले माह्यापासून तोडून राह्यले, माहं नावबी घेऊ देत नाईत. आमच्या वकिलानं सांगतलं, "लेकरू लहान हाय, कोर्ट मायले पाह्यते. पन तुमी बापाविरुद्ध शिकवता हे जज्जसाहेबाले पटलं, तं काही खरं नाई." त्या दिवसापासून बहीन पोरीले कडेवरून खाली उतरवेना.

जज्जसाहेब पुन्याकडून नवेच बदलून आलते. त्यायनं आमाले आतल्या खोलीत बोलावलं. बहीन, भाटवा, दोन वकील, आन् पोट्टी माहं बोट सोडेना म्हनून मी.

साहेब लय गोड बोलले. "बाळ, बाबा तुला भेटायला येतात का?"

"रोज येते," पोट्टी म्हने. "जेवाले येते."

भाटवा उठून उभा राह्यला. "साहेब, पोळ्यापासून मी यायच्या दारात पाय ठेवला नाई. पाहा, लेकराले खोटं शिकवून आनलं."

साहेबानं पोट्टीलेच इचारलं, "जेवताना बाबा कुठे बसतात?"

"दाराच्या मांगं."

आमच्या वकिलानं कपायाले हात लावला. बहिनीचं तोंड पांढरं पडलं. आता पोरगी जाते, हे मले सरळ दिसत होतं. मी म्हटलं, "साहेब, तो बाप मी हाय."

साहेबानं चष्मा काढला. सारं आयकून घेतलं आन् म्हने, "करून दाखवा."

बापासमोरच बापाची नक्कल कराची होती. मी भिंतीकडे तोंड केलं. "हूं. हा घास दारव्ह्याचा. हा दिग्रसचा. हा उमरखेडचा, चाव नीट."

वळून पाह्यलं तं पोट्टी आ करून उभी.

भाटव्यानं खांद्यावरचा शेला ओढला. शेल्यानं तोंड पुसलं, बराच येळ पुसलं. मंग हळूच म्हने, "मधात पुसद राह्यलं."

"मी हिले रोज सांगते," बहीन म्हने.

पोळ्यापासून ते दोघं एकमेकांशी बोलले ते हे पयलं.

साहेबानं पोरगी मायजवळ ठेवली. बापानं महिन्यातून दोन आइतवार भेटावं म्हने. भाटव्यानं हात जोडले, "साहेब, आइतवार कोनाले माहीत, मी बाजार धरून चालतो." साहेबानं आधी लिहलं ते खोडलं आन् बोरीच्या बाजाराचा दिवस ठरवला. पोरगी दुपारी बापाच्या दुकानावर, आन् जेवन बापानंच भरवाचं.

पयल्या बाजाराच्या दिवशी बहिनीनं माह्याजवळ भाकरीचं गाठोडं देल्लं. हाताले चांगलंच जड लागलं. मी सोडून पाह्यलं तं भाकरीची ही चवड, आन् वर हिरव्या मिरचीच्या ठेच्याचा गोळा.

म्हटलं, "बाई, चार वर्षांचं लेकरू ठेचा कसा खाईन?"

"तू लय बोलते," बहीन म्हने. "जाय लवकर, ते उपाशी असतीन."