ओढ्याकाठचा आडोसा

पडेगावच्या ओढ्याकाठची वेडी बाभूळ काढायला आम्हा पोरापोरींचा गट होता. ही बाभूळ दुसरं काही उगवूच देत नाही. दुपारी मी आणि गटातली एक मुलगी त्याच बाभळींच्या आडोशाला भाकर वाटून खायचो. तिच्या दारात मेंढरं, माझ्या दारात निळा झेंडा. उघड्यावर बसणार कसं? आडोसा आमच्याच कुऱ्हाडींनी रोज आकसत गेला. शेवटचं झाड उरलं तेव्हा ती म्हणाली, "हळू तोड की रं, मुडद्या!"

आता वाळूजच्या शिफ्टच्या बसमधून तो काठ रोज दिसतो. गवत आलंय, बगळे आलेत, लोक लई कौतुक करतात. करू देत. परवा बसच्या खिडकीतून ती त्या काठावर दिसली. नवऱ्याशेजारी बसून पोराला पाणी दाखवत होती. तिच्या-माझ्यामध्ये एकही झाड उरलं नव्हतं.